'गेट'च्या अकरा चिठ्ठ्या

...नाही, तुम्हीच सांगा, ज्या घरात फ्रिजवर 'कोमा' अशी चिठ्ठी चिकटवलेली, तिथे माणसाच्या घशाखाली घास उतरेल कसा? कोमा म्हणजे स्वीडिशमध्ये येणं, पोहोचणं, हे मला ठाऊक, दूधवाल्याला कुठे? तो रोज दबक्या आवाजात विचारायचा, घरात कोण सीरियस आहे? आणि परीक्षा मंगळवारी!

तुम्हाला सांगतो, कॉलेज मी सोडलं तेच मुळी पाठांतराला विटून. ताईनं तिकडे स्वीडनमध्ये माझ्यासाठी सुतारकामाचा कोर्स शोधला, स्वीडिशची तोंडी परीक्षा पास झालो की बॅग भरायची आणि या घरातून सुटायचं, बास... तर बाबा मध्ये पडले. बाबा म्हणजे रिटायर्ड स्टोअरकीपर. तीस वर्षं नट या खणात, बोल्ट त्या खणात, त्यामुळे अख्खं जग खणात मावतं अशी त्यांची ठाम समजूत. मी बोलून गेलो की इंग्रजीतला एक साधा 'गेट', फाटक नव्हे, जी-ई-टी गेट, घेतला तरी स्वीडिशमध्ये त्याचे दहा-अकरा शब्द होतात. झालं! डिंकाची बाटलीच काढली त्यांनी. म्हणाले, "जागा ठरली की वस्तू सापडते. डोळे मिटायचे, घरात फिरायचं, शब्द उचलायचा."

मिळणं म्हणजे 'फो', तो दारावर. जाऊन आणणं, 'हेम्ता', तो चपलांच्या रॅकवर. समजणं वेगळं, त्याची चिठ्ठी आरशावर. चिडणं-बिडणं, म्हणजे अमुक होणं, 'ब्ली', तो बाबांच्या खुर्चीवर. ही एक जागा मात्र अचूक हं! वर आत्या, चाळीस वर्षं इंग्रजी शिकवून थकलेली, नाक मुरडून म्हणायची की आमच्या वेळी गेट म्हणजे मिळवणे, एवढ्यावर भागायचं. भागणारच! तिच्याशी इंग्रजीत बोललंय कोण? मी मात्र डोळे मिटून घरभर फिरतोय... कारण परीक्षा मंगळवारी!

मंगळवार उजाडला. परीक्षक बाई आपलीच भाषा बोलणाऱ्या, स्वभावानं मऊ. पहिलाच प्रश्न स्वीडिशमधून, इथवर कसा पोहोचलास? बसनं आलो म्हणायचं, संपलं! पण मला सवय लागलेली ना... मिटले डोळे, शिरलो घरात, आणि तोंडानं पुटपुटतोय, दार... चपला... आरसा... बाबांची खुर्ची... फ्रिजपर्यंत पोचेतो घामानं सदरा अंगाला चिकटला. डोळे उघडले तर बाई पाण्याचा ग्लास पुढे धरून उभ्या. हळूच म्हणाल्या, "असू दे, बाळ. रडू नकोस."

अहो, घाम होता तो!

काल निकाल आला. नापास. खाली बाईंचा शेरा, वळणदार अक्षरात : उमेदवाराला घराचा फार लळा आहे, आणखी वर्षभर आईवडिलांजवळ ठेवावे.

बाबांनी फ्रेम करायला टाकलाय.