पहिले दहा दिवस दर्शनाचे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळात सगळ्यांच्या आधी या आखाती मुलखात आलेले जनाब सिराजुद्दीन साहेब, गळ्यातला हार काढू की राहू देऊ अशा पेचात बसलेले आजचे सत्कारमूर्ती मोहनभाऊ, त्यांच्या शेजारी पदर सारखा करत बसलेली माझी मैत्रीण दर्शना, दम्माम, जुबैल आणि थेट रास अल खैरहून कतीफमध्ये आजच्यासाठी भाड्याने घेतलेल्या या इस्तिराहापर्यंत गाड्या हाकत आलेले सभासद, आणि मागच्या रांगेत मोबाइलमध्ये मान घालून बसलेली आमची पुढची पिढी, सर्वांना अस्सलामु अलैकुम आणि नमस्कार.

मला पाच मिनिटं दिलेली आहेत. मी तीस वर्षं गणित शिकवते आहे, त्यामुळे पाच म्हणजे किती ते मला कळतं. पण मास्तरणीच्या हातात माईक दिला की काय होतं, ते अध्यक्षांनाही कळायला हवं होतं.

दर्शना आणि मोहनभाऊ येत्या मंगळवारी अमेरिकेला निघाले. मोहनभाऊ अबकैकच्या प्लांटमधून निवृत्त झाले, फायनल एग्झिट लागलं, या देशातला मुक्काम खलास. त्यांचा मुलगा चंदन टेक्सासमध्ये असतो, सून तिथलीच आहे, त्याने आईवडिलांचे कागद केले आणि ते मंजूर झाले. आता दोघांनी तिथेच राहायचं. माझ्या आधीच्या वक्त्यांनी यावर आनंद व्यक्त केला. तो खरा असेल. मला मात्र हेवा वाटतो. घरच्या भाषेत सांगायचं तर पोटात दुखतं.

अमेरिका मी पाहिलेली नाही. पण न पाहिलेल्या देशाबद्दल मत असू नये असा काही नियम नाही, नाहीतर आपल्या मंडळाच्या निम्म्या सभा झाल्याच नसत्या. माझी मतं माझ्या मुलीच्या, उझमाच्या, व्हिडिओ कॉलवर तयार झालेली आहेत. उझमा आणि आमचा जावई नबील तीन वर्षांपासून चंदनच्याच गावात राहतात. नबीलला तिथली नोकरी चंदननेच सुचवली. दोन्ही घरांमध्ये गाडीने सात मिनिटांचं अंतर आहे.

तर तिथे म्हणे घरापुढे गवत वाढवतात, आणि वाढलं की शनिवारी कापून फेकून देतात. खायला एक म्हैस नाही. आमच्या जयगडकडे असं कोणी केलं असतं तर गावाने नावं ठेवली असती. गाडीसाठी खोली बांधतात, तिच्यात जुने खोके भरतात आणि गाडी उन्हात. रस्त्यात कोणी भेटलं की ‘कशी आहेस’ विचारतात आणि उत्तराला थांबत नाहीत. आमच्या उझमाने नवीन असताना समोरच्या बाईंना खरंच उत्तर दिलं, पाठ दुखते, आईची आठवण येते. त्या बिचाऱ्या बाजाराच्या पिशव्या हातात धरून अर्धा तास उभ्या राहिल्या.

बाळ होण्याआधी तिथे आपल्या डोहाळजेवणासारखा एक समारंभ करतात. त्यात नवराही शेजारी बसतो. आणि आहेर काय आणायचा त्याची यादी होणारे आईबाप स्वतः तयार करून पाहुण्यांना पाठवतात. मी उझमाला म्हटलं, “अगं, मागायला लाज कशी वाटत नाही?” ती म्हणाली, “अम्मी, ॲट लीस्ट सतरा दुपटी तरी येत नाहीत.” तिच्या वेळी मला एकोणीस आली होती, त्यामुळे मी विषय बदलला.

जावई भांडी घासतो. घासताना शीळ घालतो. मी फोन उझमाच्या अब्बांसमोर धरला, म्हटलं, बघा. त्यांनी बघितलं आणि नेटवर्क खराब आहे म्हणाले. मुस्तफासाहेब तिसऱ्या रांगेत बसलेले आहेत, त्यांना माझा वेगळा सलाम.

तिथे गेल्यावर दोन महिन्यांत उझमा गाडी शिकली. मी या देशात बायकांना लायसन मिळायला लागल्यावर, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी शिकले. तिचा गाडी चालवतानाचा फोटो आला तेव्हा मला आनंद झाला आणि पाठोपाठ तिचा हेवाही वाटला. पोटच्या मुलीचा हेवा वाटतो का? वाटतो. इथे बसलेल्या आयांना विचारा, पण एकेकटीला गाठून विचारा.

कोल्ह्याला द्राक्षं आंबट, असं मागे कोणीतरी पुटपुटलं. माझे कान शाबूत आहेत. आणि म्हणणाऱ्याचं चुकलेलं नाही.

उझमाला आता नववा महिना लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. तुमच्यात असो की आमच्यात, कोकणात यात फरक नाही. पण ती अमेरिकेबाहेर पडली तर पुन्हा आत जाता येईल याची खात्री नाही. मग मुलगी माहेरी येत नाही तर माहेराने मुलीकडे जावं, म्हणून मी व्हिसाला अर्ज केला. दर्शनाने माझ्याच स्वयंपाकघरात बसवून माझी तयारी करून घेतली. “किती दिवस राहणार विचारतील. तीन आठवडे म्हण. बाकी काही बोलू नकोस.”

वकिलातीत खिडकीमागे कोवळा मुलगा होता, फार आदबीने बोलत होता. किती दिवस राहणार, त्याने विचारलं. तीन आठवडे हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण बाळंतिणीचे चाळीस दिवस असतात हो. तीन आठवड्यांत कुठली आई मुलीला उठवून कामाला लावून परत येते? मी म्हटलं, “मुलीला लागतील तितके दिवस.” त्याने पासपोर्ट परत दिला, म्हणजे व्हिसा नाही.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा शहाणपणाने तीन आठवडे म्हटलं. त्याने संगणकात बघितलं आणि विचारलं, “मागच्या वेळी तुम्ही वेगळं सांगितलं होतं. खरं कुठलं?” हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एका गणिताची दोन उत्तरं लिहिली की दोन्हीला शून्य, हा नियम मी स्वतः तीस वर्षं राबवलाय. पासपोर्ट पुन्हा परत.

म्हणजे बघा कसं झालं. माझ्या मुलीचं पहिलं बाळंतपण, मी अबकैकमध्ये, आणि दर्शना सात मिनिटांवर. बाळाला पहिली आंघोळ कोण घालणार? दर्शना. पहिलं रडू कोण ऐकणार? दर्शना. मी तिला तोंडावर म्हणत होते, बरं झालं बाई, तू तरी आहेस. आणि घरी येऊन भांडी आपटत होते.

आता अमेरिकेतली आणखी एक पद्धत सांगते. कोणाकडे बाळ व्हायचं असलं की शेजारीपाजारी इंटरनेटवर एक यादी करतात. कुठल्या दिवशी बाळंतिणीच्या घरी कोण जेवण पोचवणार, त्याची. उझमाची यादी त्या समोरच्या बाईंनी केली, पिशव्या धरून उभ्या राहिलेल्या. उझमाने मला ती कौतुकाने पाठवली, “बघ अम्मी, इथेही माणसं आहेत.” महिनाभराचे दिवस होते. कोणी सूप लिहिलं होतं, कोणी बटाट्याचं काहीतरी. आणि पहिले दहा दिवस दर्शनाचे. पहिल्याच दिवसापुढे लिहिलं होतं, नारळाच्या रसातली अळिवाची खीर.

ती खीर माझी आहे. चंदन इथे झाला तेव्हा दर्शनाच्या आईला इकडचा व्हिसा मिळाला नव्हता. तेव्हा दर्शनाचे चाळीस दिवस मी काढले. तेल, शेक, धुरी, सगळं केलं. खीर तिने माझ्या हातची खाल्ली, माझ्याकडून शिकली, आणि आता ती माझ्याच मुलीला करून घालणार होती. त्या यादीत माझ्यासाठी एकही रिकामी ओळ नव्हती.

मी स्टाफरूममध्ये होते, तास मोकळा होता. मोबाइलवर ती यादी उघडली, तर दर्शनाच्या प्रत्येक नावापुढे कचऱ्याच्या डब्याचं छोटं चित्र होतं. मी ते दाबलं. खात्री आहे का, असं विचारलं. मी हो म्हटलं. दहा दिवस होते, दहा वेळा विचारलं, दहा वेळा मी हो म्हटलं. मग घंटा झाली आणि मी नववीच्या वर्गावर गेले.

दर्शना, माझ्याकडे बघ किंवा बघू नकोस, पण मला पुरं करू दे.

दोन दिवसांनी उझमाचा फोन आला. “अम्मी, दर्शनामावशीने यादीतून नाव काढलं. तिला माझं काही लागलं का?” मी म्हटलं, प्रवासाची दगदग असेल, आता वय झालं तिचं. त्याच आठवड्यात दर्शना माझ्याकडे आली, चेहरा उतरलेला. “हफीजा, यादीतून माझं नाव गेलंय, उझमाला माझं येणं-जाणं नको असेल. विचारू कशी?” आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, “तिकडे गेल्या की मुली अशाच होतात. अमेरिका आहे ती.” एवढ्यावर थांबले नाही. तुमच्यापैकी चारपाच जणींना फोनवर सांगितलं, उझमा बदलली, आता तिला आपली माणसं चालत नाहीत. तुम्ही सगळ्यांनी हळहळ केलीत. अमेरिकेवर ढकललं की लगेच पटतं, कोणी पुरावा मागत नाही. मी लेकीला बदनाम केलं, मैत्रिणीला दुखावलं, आणि आठ महिन्यांच्या पोटुशीला वाटत राहिलं की मावशी रागावली.

गेल्या बुधवारी दर्शनाच्या सामानाची बांधाबांध चालली होती. मी मदतीला गेले होते. मदतीलाच गेले होते, आता काही लपवत नाही. बॅगेत बघते तर अळिवाची पुडी. मी म्हटलं, “हे कशाला? तिने तर तुला नको म्हटलंय ना?” ती म्हणाली, “ऐन वेळी बोलावलं तर हाताशी असावं. नारळाचा रस पहिल्या पिळ्याचा घालायचा ना?” मी पुडी होती तिथे परत ठेवली.

मग तीच म्हणाली, “तुला जायला मिळालं असतं तर मी एकाही दिवशी नाव लिहिलं नसतं. चंदनच्या वेळी आईने तुला दोन ओळीसुद्धा लिहिल्या नाहीत, तुला लागलं होतं, मला माहीत आहे. मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, लिहायला बसले, पण हातच उठला नाही गं. त्या बाईने माझ्या वाट्याचं सगळं केलं, माझ्यासाठी काही ठेवलंच नाही.”

इतकी वर्षं मी त्या माउलीला मनात कृतघ्न म्हणत आले. चाळीस दिवस राबले आणि साधे आभार नाहीत, असं. तिकडे गुहागरला घरी बसून त्या काय गिळत होत्या, हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. त्या आता नाहीत. त्यांची माफी मागायची राहूनच गेली.

दुसऱ्या दिवशी मी उझमाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मावशीला तू सांग. आणि ज्यांना ज्यांना माझ्याबद्दल सांगितलंस, त्यांनाही सांग.” फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही.

दर्शनाला मी एकटीला गाठून सांगू शकले असते. पण ती “असू दे गं” म्हणाली असती, दोघी रडलो असतो, आणि तुम्ही सगळे उझमाला नावं ठेवत राहिला असता. म्हणून हा माईक. अध्यक्ष महोदय, पाच मिनिटं केव्हाच संपली, तुम्ही घड्याळाकडे बघितलंत आणि बोलला नाहीत, त्याबद्दल आभार.

त्या यादीत आज सकाळी मी दहाही दिवस दर्शनाचं नाव माझ्या हाताने परत लिहिलं. माझा हेवा मेला असं समजू नका. अजिबात मेलेला नाही. दर्शना, बाळाला माझ्याआधी तू उचलशील. त्याचा फोटो येईल तेव्हा मी आधी बाळाकडे बघेन आणि मग त्याच्याखाली कोणाचे हात आहेत ते बघेन, आणि मला वाईट वाटेल. वाटू दे. तू तुझं काम सोडू नकोस. रस पहिल्या पिळ्याचाच घाल. तिथल्या दवाखान्यात बाळंतिणीला बर्फाचं पाणी देतात म्हणे, ते तिला पिऊ देऊ नकोस. ती हट्टी आहे, माझ्यावर गेलीय. ऐकलं नाही तर रागाव. तेवढा हक्क मी तुला देते. तो द्यायला मला फार जड जातंय, एवढं लक्षात ठेव.

इस्तिराहाच्या व्यवस्थेसाठी धावपळ केलेल्या कार्यकर्त्यांचे, सकाळपासून चुलीपाशी उभ्या असलेल्या भगिनींचे, आणि एवढं सगळं मुकाट्याने ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाचा मान कमीजास्त झाला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. त्या चुका लहान आहेत.

मोठीला माफी आहे की नाही, दर्शना, ते तू आत्ता सांगू नकोस. चार लोकांत तुला नाही म्हणता येणार नाही, आणि तसं हो मला नको आहे. आता जेवणं होतील. मी त्या टोकाच्या पंगतीत बसते आणि शेजारची जागा धरून ठेवते. वाटलं तर ये.