खाली हाथ

(शिंप्याचं दुकान. बाबा मशीनवर, आई काजं करतेय. लेक ऑफिसातून आत्ताच आली आहे.)

लेक: म्हणजे तुम्ही फोन केलासुद्धा? सहा वाजता मी मध्ये बसणार, तुम्ही मराठीत बोलणार, मी मुलाच्या वडिलांना हिंदीत सांगणार, असं ठरलं होतं ना?

बाबा: ठरलं होतं. पण लग्न तुझं आणि दुभाषीही तूच. मी तुझं कौतुक केलं असतं, तर निम्मं तू लाजून गाळलं असतंस. म्हणून चार वाजताच उरकून टाकलं.

लेक: आई, तू अडवायचंस तरी.

आई: चाळीस वर्षं अडवतेय. आजच कसे ऐकणार होते?

लेक: त्याचे वडील हेडमास्तर होते, बाबा. एकेक शब्द तोलून घेतात. "लड़की के पिताजी से बात हो जाए, फिर सोचेंगे," एवढंच म्हणालेत. सगळं या एका फोनवर अडलं होतं. आणि तुम्हाला हिंदी येते कुठे?

बाबा: येत नाही? या टीव्हीवर रोज दुपारी हिंदी सिनेमा लागतो. तीस वर्षांचा हिशेब तूच कर.

आई: लागतो, पण एक पाहिला असेल तर शपथ. यांची नजर सुईवर. नुसते ऐकतात.

बाबा: म्हणून तर भाषा पक्की झाली. बघणाऱ्याचं निम्मं लक्ष हिरॉइनकडे.

लेक: बरं. पहिल्यापासून सांगा. काय म्हणालात?

बाबा: नमस्कार केला. मग विचारलं, "आपकी प्रकृति कैसी है?"

लेक: बाबा, हिंदीत प्रकृती म्हणजे निसर्ग. झाडं, फुलं.

बाबा: तरीच. ते म्हणाले, गुलाबला कीड लागलीय. मला वाटलं, गुलाब त्यांच्या घरातली कोणी असेल. म्हटलं, "हिम्मत मत हारिए, बच जाएगी."

आई: मी तेव्हा आत काजं करत होते, हे ऐकलं नाही, बरं झालं. टाके चुकले असते.

लेक: मग?

बाबा: मग त्यांनी विचारलं, इतकी दमदार हिंदी कुठे शिकलात? मी खरं ते सांगितलं. तर माणूस एकदम मोकळाच झाला. शाळेतनं घरी आल्यावर तेही रोज सिनेमा बघायचे म्हणे. मग काय, मी संवाद म्हणायचा आणि त्यांनी सांगायचं, तेव्हा पडद्यावर काय चाललं होतं. एक कोर्टातला सीन आहे, त्यातल्या वकिलाचा कोट मी आजवर काळा धरून चाललो होतो. ते म्हणाले, राखाडी होता, आणि खांद्यात चांगला दोन बोटं सैल.

आई: अर्धा तास हेच चाललं होतं. मी म्हटलं, लग्नाचं बोलताहेत.

लेक: लग्नाचं बोललात की नाही?

बाबा: शेवटी बोललो. खरं सांगू का, तेव्हा मी मशीनवरून उठून उभाच राहिलो. ते एवढे शिकलेले, मी आठवीत शाळा सोडलेली. आपल्यामुळे पोरीचं मोडायला नको, हेच डोक्यात. म्हणून सगळ्यांत नम्र वाक्य काढलं. म्हटलं, "मास्टरजी, इतवार को हम आपके घर खाली हाथ आएँगे."

लेक: काय म्हणालात?

बाबा: खाली हाथ. हात खाली करून, मान झुकवून. सिनेमात नेहमी असतं की. हीरो मोठ्या घराच्या दारात येतो आणि म्हणतो, मैं खाली हाथ आया हूँ. मुलीकडच्यांनी असंच जावं.

लेक: बाबा, खाली म्हणजे रिकामे. तुम्ही त्यांना सांगितलंत की आम्ही काहीही न घेता येणार आहोत.

बाबा: रिकामे?

लेक: आपण नाही का म्हणत, घर खाली करा?

बाबा: ते घराचं झालं. हात कसे खाली करणार? हात खालीच घेतात.

आई: अहो, त्यावर ते काय म्हणाले?

बाबा: म्हणाले, "तो हम भी खाली हाथ मिलेंगे." आणि फोन ठेवला. मला वाटलं, केवढा नम्र माणूस. आता कळतंय, रागावले असणार. लाव फोन, मी माफी मागतो. ती मला येते हिंदीत, पूर्ण दोन मिनिटांची.

लेक: थांबा. त्याचाच मेसेज आलाय. बघू तरी.

आई: मोठ्यानं वाच.

लेक: "तुझ्या बाबांनी काय जादू केली? पप्पा दोन आठवडे याद्या करत होते. तुम्ही काय आणणार, आम्ही काय द्यायचं, कमी पडलं तर काय म्हणाल. आज सगळ्या फाडून टाकल्या. म्हणतात, असं तोंडावर सरळ सांगणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा भेटला. लड़की देखने की क्या ज़रूरत, पिताजी को सुन लिया."

आई: बघा. झालं की.

बाबा: पण मला तसं म्हणायचंच नव्हतं.

आई: आता तेच म्हणायचं होतं. कुणी विचारलं तरी.

लेक: बाबा, डोळे का पुसताय?

बाबा: धागा ओवताना येतं पाणी. पण एक पंचाईत झाली. बोलता बोलता ते म्हणाले होते, त्यांचाही कोट खांद्यात सैल आहे, त्या वकिलासारखा. मी मनात म्हटलं होतं, पहिल्या भेटीला एक चांगला शिवून नेऊ. आता कसा नेणार?

लेक: काही न्यायचं नाही. कबूल केलंय तुम्ही.

बाबा: कोट नाही नेत. पण मापाची टेप?

आई: टेप म्हणजे काही घेऊन जाणंच झालं.

बाबा: टेप गळ्यात असते गं. हात खालीच.