अडकलेली नळी

तुमाले सांगते, सत्त्याहत्तर साली नागपूरले माह्या हृदयाची तपासणी झाली. डॉक्टरनं हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी घातली. काढताना शीर आवळली अन् नळी अडकली. 

डॉक्टर म्हणाले, "ओढली तर शीर फाटेल. घाबरलात की ती आणखी आवळते. माहेरचं काहीतरी सांगा."

आई वारल्यापासून मी माहेरी, केनवडले, गेलीच नव्हती. तरी मनातल्या मनात यष्टीतून उतरली तिथून सांगत गेली. बाजार, तेलाचा घाणा, मंग आमची गल्ली, गोठा.

बोलता बोलता शीर सैल झाली. डॉक्टर म्हणाले, "निघाली नळी. आता नाही बोललात तरी चालेल."

मी म्हटलं, "थांबा ना जरा. आई आत्ताच दारात आली."