नऊशेचा कूलर

...न्हाई, पण मी म्हणते, का समजून घ्यायचं? कूलरवर चिठ्ठी कोणी चिकटवली? मी? तिच्यावर ठळक अक्षरात 'फक्त ९००' कोणी लिहिलं? मी? मंग! लिहिलं म्हणजे लिहिलं!

तुम्हाला सांगते, दिल्लीत पाच वर्षं कायदा शिकून मी जालन्याला परत आले ती इथल्या ग्राहकाला जागं करायला! आता पहिला ग्राहक घरातलाच, माझी आई, साळूबाई. पत्र्याचं घर, मे महिना, दुपारी आईला घेरी येऊन राह्यली, म्हणून कूलर बघायला तिला घेऊन मस्तगडच्या बाजारात गेल्ते. आणि दुकानात समोरच हा कूलर! माझ्या खांद्याएवढा, आणि किंमत नऊशे! मी आईचा हात दाबला, कानात म्हटलं, "काही बोलू नको. पैसे दे आणि चल."

पण आई! तिनं जन्मात कधी सांगितल्या किमतीला कोथिंबिरीची जुडी घेतलेली न्हाई! कूलरवर टकटक करून काय म्हणते? "नऊशे? लई सांगून राह्यले तुम्ही. सातशे लावा, न्हाई तर राहू द्या!"

राहू द्या?!

दुकानदाराच्या हातातलं फडकं पडलं. "सातशे? कशाचे?" वळला, चिठ्ठी वाचली, कपाळाला हात लावला. "अहो ताई, नऊ हजार हाय ते! एक शून्य राह्यलं!"

"राह्यलं ते तुमचं राह्यलं! लिहिलं म्हणजे लिहिलं!" आणि मी जी सुटले... ग्राहकाचे हक्क, फसवी जाहिरात, तक्रार आयोग... ही गर्दी! एक आजोबा म्हणाले, "पोरगी बराबर बोलून राह्यली." दुकानदार घामाघूम. "मॅडम, नऊशेत याची मोटर बी येत न्हाई! टेंभुर्णीहून येऊन आत्ता कुठं दुकान टाकलं, बिलकुल बुडून जाईन मी!"

झालं. आईचे कान टवकारले.

"टेंभुर्णी? कोणाचा रे तू?"

"पुंजारामबापूचा. मच्छिंद्र."

"अगं बाई! द्वारकाबाईचा धाकटा?"

"म्हणजे... तुम्ही साळूअक्का?"

संपला खटला! माहेरच्या गावचा माणूस म्हणजे आईचा भाऊ, म्हणजे माझा मामा! मी म्हटलं, "आई, हे प्रतिवादी आहेत!"

"असंल. पण भावाचं दुकान बुडवून गार हवा खाऊ का गं मी?"

"अगं पण लिहिलं म्हणजे..."

"लिहिलं तर लिहिलं! चुकलं त्याचं."

आणि ते मघाचे आजोबा? "माय बराबर बोलून राह्यली!"

नऊ हजार दिले हो! जन्मात पहिल्यांदा आईनं सांगितली ती किंमत दिली. मी म्हटलं, आता तरी थोडं कमी करायला सांग! तर म्हणे, भावाशी घासाघीस शोभत न्हाई.

तरी मी ठरवलं, तक्रार करायचीच. मामा असले म्हणून काय झालं? लिहिलं म्हणजे लिहिलं! तेवढ्यात मच्छिंद्रमामा गल्ल्यावरून उठले, आणि आमच्याकडं मामा भाचीच्या पाया पडतो ना, तसे भर दुकानात, सगळ्या गर्दीसमोर, माझ्या पायाशी वाकले! आता तुम्हीच सांगा, पायावर डोकं ठेवलेल्या माणसावर कोणतं कलम लावायचं? शिकवलं का दिल्लीत कोणी? आणि वरून आई कोपर मारून राह्यली, "अगं, बघतेस काय? आशीर्वाद दे की!"

दिला बाबा. म्हटलं, "मामा... तुमच्या धंद्यात बरकत येवो!"