दगडातलं पान

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात संगमनेरच्या एसटी स्टँडवर पुष्पावतीबाई मास्तरीण गाडीची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी एक म्हातारा-म्हातारी येऊन टेकली. म्हातारीच्या मांडीवर दगडाची एक चीप होती आणि तिच्यावर एका पानाचा ठसा, अगदी शिरांसकट.

“आता तरी भाकरी खाशील का, मनकर्णे? विहिरीत ही चीप घावल्यापास्नं धड जेवली न्हाईस.”

“कशी जेवू? जलमभर शेळ्या राखल्या. डोंगरावरचा पाला न् पाला मला ठावा. आन् ह्याचं नाव येईना!”

“म्हनून तर तुला कॉलेजात आनली. प्राध्यापकांनी कपाटातली समदी वाळकी पानं काढली, शिरेला शीर लावून पाहिली. एक तरी जुळलं का?”

“न्हाई. पन दोन पानांवर त्यांनी भलतीच नावं चिकटवली हुती. खरी नावं सांगितली मी.”

“लिवून घेतली की त्यांनी! आन् म्हनले, हे झाड मानूस जलमायच्या आधीच संपलं. मंग तुला कुठनं ठावं असनार?”

“शेळीम्होरं धरली हुती मी चीप. नुसती हुंगली न् फिरली माघारी.”

“बघ! शेळीनं जे सोडून दिलं, ते तू मनाला लावून बसलीस. काढू भाकरी?”

“काढा.”

“घे, चटनी बी हाय.”

“पन अवं, संपलं म्हनायला त्यांनी कपाटच पाहिलंय. माझ्या शेळ्या कुठंकुठं चढत्यात, ते पाहिलंय व्हय?”

“न्हाई पाहिलं.”

“मंग?”

“मंग उद्या मी बी येतो डोंगरावर. जरा हळू चाल म्हंजी झालं.”