आवाज स्वच्छ

भाची: मामा, आत्ता खरखर आली?

मामा: आली ना. चांगलीच आली.

भाची: आत्ता मी गाणंच बंद ठेवलंय.

मामा: मग मघाचीच डोक्यात राहिली असेल. पस्तीस वर्षं या रेडिओ स्टेशनवर निवेदन केलंय मी. साठून राहतं गं कानात.

भाची: बरं. परत लावते. बफर दुप्पट केलाय, म्हणजे गाणं पुढचं पुढचं वाचून ठेवायला सॉफ्टवेअरला जास्त जागा. अँटिव्हायरस बंद, वायफाय बंद, वीज वाचवायची सेटिंग बंद. आता खरखरलं तर मी हात टेकले.

मामा: वाजतंय की छान.

भाची: टेकले हात. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसं तडतडतंय.

मामा: हो, म्हणजे, तडतडतंय तर खरंच. पण छान तडतडतंय.

भाची: मामा, तुझी ही वही बघ. 'दोन ते चार, आवाज स्वच्छ.' खाली सही. असे चौदा दिवस. आणि लोकांचे तक्रारीचे फोन नेमके दोन ते चारमध्ये. सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस सकाळी येऊन गेला, त्याला काहीच सापडलं नाही. सकाळी लोण्यासारखं वाजतं.

मामा: लोकांचे रेडिओ जुने झालेत. साहेबांनी तक्रार करणाऱ्या सगळ्यांना तसं पत्रानं कळवलंय.

भाची: ते पत्र वाचून कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं नवा रेडिओ घेतला.

मामा: बघ! मग?

भाची: नव्यातही तडतडतंय. आता तो म्हणतो, दुकानाची जागाच वाईट आहे.

मामा: अरेरे. चांगला माणूस आहे.

भाची: तू एवढा घाम का पुसतोयस?

मामा: अगं, तुला इथं बोलावलं ते साहेबांनी. मी नकोच म्हणत होतो. हे सॉफ्टवेअर आलं आणि सगळ्या निवेदकांना नारळ दिला. मला एकट्याला ठेवलं, तपासनीस म्हणून. का? तर कान तिखट. दिवसभर बसायचं, ऐकायचं, वहीत लिहायचं. हेही गेलं तर घरी बसून करू काय? तुझी मामी हल्ली सारखी ओरडत असते. घसा बसलाय, औषध चालू आहे, तरी ओरडते. भांडायला काही कारण लागत नाही बाईला.

भाची: सरक जरा. मी टेबलाखाली जाते.

मामा: तिथं काही नाही. धूळ आहे नुसती.

भाची: धुळीत एक चार तोंडांची डबी आहे. यूएसबी हब. एका तोंडात कीबोर्ड, एकात माउस, एकात साउंड कार्ड. अरे देवा, साउंड कार्ड असं हबला लावतं का कोणी? आणि चौथ्या तोंडात ही पांढरी पेटी. ही कसली?

मामा: ती होय? ती घड्याळाची. चार्जर.

भाची: तुझ्या घड्याळाला चावी द्यावी लागते, मामा.

मामा: दुसरं घड्याळ.

भाची: ही काढते. ऐक आता.

मामा: ऐकतोय.

भाची: गेली. साफ गेली खरखर. आता परत लावते. आली. काढते. गेली. संगणकात मघापासून मी काय काय उलथंपालथं केलं, आणि चोर टेबलाखाली! ही पेटी वीज ओढते, कार्डाला पुरत नाही, आवाज तुटतो. उघडू?

मामा: नको.

भाची: उघडली. मामा, ही कानातली यंत्रं आहेत.

मामा: हळू बोल.

भाची: हळू बोलले तर तुला ऐकू येईल का?

मामा: जवळून बोललीस की येतं. बारीक आवाज तेवढे जातात. पाखरं, दाराची घंटा, खरखर. दोन वर्षं झाली. ही यंत्रं पंधरवड्यापूर्वी घेतली, कुणाला न सांगता. घरी जाताना जिन्यात काढून खिशात टाकतो. रात्री चार्जिंगला लावली तर मामीला दिसतील. म्हणून इथं लावतो, जेवण झाल्यावर.

भाची: दोन ते चार.

मामा: दोन ते चार.

भाची: म्हणजे यंत्रं पेटीत असली की खरखर येते, आणि तुला ती ऐकू येत नाही. कानात घातलीस की ऐकू येतं, पण खरखर गेलेली असते.

मामा: आणि मी लिहितो, स्वच्छ. देवाशपथ, मला स्वच्छच वाटायचं गं.

(साहेब दार ढकलून आत येतात.)

साहेब: काय मॅडम, सापडलं? की आमच्या तपासनिसांचंच खरं?

भाची: सापडलं. या हबवर भार जास्त होत होता.

साहेब: म्हणजे खरखर होती?

भाची: होती.

साहेब: आपल्याकडेच?

भाची: आपल्याकडेच.

साहेब: अहो, पण मी सदतीस जणांना पत्रं... कसला भार?

भाची: असंच काहीतरी जास्तीचं लागलेलं होतं.

मामा: थांब गं. साहेब, माझा चार्जर होता. कानाच्या यंत्रांचा. यंत्रं चार्जिंगला असायची, म्हणून खरखर यायची, आणि ती कानात नसायची म्हणून मला कळायची नाही. राजीनामा लिहून देतो.

साहेब: यंत्रं? मागच्या आठवड्यात तुम्ही बसल्या जागेवरून वरच्या मजल्यावरचा पंखा कुरकुरतोय म्हणालात!

मामा: यंत्रं घालून.

साहेब: दार लावा मॅडम. राजीनाम्यात कारण काय लिहिणार तुम्ही?

मामा: जे आहे ते.

साहेब: आणि 'आमच्या तपासनिसांच्या तीक्ष्ण कानांनी खात्री करून घेतली आहे' हे वाक्य सदतीस पत्रांत कोणाच्या सहीवर आहे? माझ्या! मला फार आवडलं होतं ते वाक्य. तुम्ही कुठंही जायचं नाही. विजेच्या दाबात चढउतार, एवढंच अहवालात येईल. पुढची पाच वर्षं तुम्ही मला इथंच हवे आहात, डोळ्यांसमोर.

मामा: आणि न्हावी?

साहेब: नवा रेडिओ आला ना त्याच्याकडे!

मामा: त्याला मी खरं सांगणार. पस्तीस वर्षं ऐकतोय तो मला.

साहेब: सांगा, पण स्टेशनच्या फोनवरून नको. मी निघतो. मी आलोच नव्हतो.

भाची: गेले. नोकरी वाचली की तुझी.

मामा: कान गेले म्हणून पक्की झाली. गंमतच आहे. लाज वाटतेय, पण सुटल्यासारखंही वाटतंय.

भाची: कार्ड थेट संगणकाला जोडलंय. पेटी भिंतीवरच्या प्लगला लावू?

मामा: नको, दे इकडे. आज घरी नेतो. उशाशी लावीन रात्री. पण तुझ्या मामीला कसं सांगू? ओरडेल ती.

भाची: दोन वर्षं ती तुला ऐकू यावं म्हणूनच ओरडतेय, मामा. आज गेल्यावर एवढंच सांग तिला, हळू बोललीस तरी चालेल.