बस स्टँडवरचा रवीचा फोटो

आजच्या सभेचे मानाचे अध्यक्ष श्रीधरराव, इंदिरानगरहून एवढ्या ट्रॅफिकमधून आमच्या आनेकलला आलेले पाहुणे पद्मनाभराव, व्यासपीठावरची वडील माणसं, समोर बसलेल्या माझ्या अक्का-अण्णांनो आणि मागं उभ्या राहिलेल्या लेकरांनो, तुम्हां सगळ्यांना या सरस्वतीबाईचा हात जोडून नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. चौथीत शाळा सुटली, तीही कन्नड शाळा. पण आज सकाळी माझा नातू रविकुमार म्हणाला, "अज्जी, माझ्या निरोपाला तूच बोल. सगळं सांग. मला जमायचं नाही." ज्याचा सत्कार त्यालाच बोलवेना, तर आजीनं नाही उठायचं तर कुणी?

पाहुणे आत्ताच म्हणाले की रवी मोठ्या नोकरीवर चाललाय. त्यांच्या तोंडात साखर पडो. मीही आज फार आनंदात आहे. का, ते सांगते. स्वल्प लांबेल, चालवून घ्या.

सकाळी रागी मुद्दे केली होती, नाचणीचे ऊन ऊन गोळे. सोबत अवरेकाळूचं, म्हणजे पावट्याच्या दाण्यांचं सार. यंदा अवरेकाळू काय महाग, विचारू नका. तर रवीनं मुद्देचा दुसरा गोळा मागून घेतला. हसू नका, अक्का. गेल्या गणपतीपासून त्या पोरानं ताटात काही मागितलं नव्हतं.

हा माईक असा का कुईकुई करतोय? सरी, ठीक झालं.

रवी इंजिनिअर झाला, मग त्याच्याही वरचं एम.टेक. शिकला, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यानंतर त्यानं ऑफिसांचे जिने झिजवले. कुणी म्हणायचं अनुभव नाही, कुणी म्हणायचं कळवतो. शेवटी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागला. लोखंडी भागांच्या कडा कानशीनं घासायच्या, ते क्रेटमध्ये भरायचे, क्रेट उचलून गाडीत ठेवायचे. दहावी झालोय, एवढंच तिथं सांगितलं. खोटं कुठं होतं? दहावी झालाच होता की.

हे तुम्हाला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी यायचा तेव्हा हाताला लोखंडाचा वास, आणि पोटात अशी भूक की मला पुन्हा चूल पेटवावी लागायची. आता गॅसच आहे, पण आम्ही चूलच म्हणतो. तिथला सुपरवायझर नरसिंह त्याला स्वतःच्या पोरासारखं "अरे मगा" म्हणायचा. चुकला तर शिव्या घालायचा आणि जेवताना स्वतःच्या डब्यातलं लोणचं द्यायचा. रवी घरी येऊन त्या शिव्या मला हसत हसत सांगायचा.

मग गणपती आले. आपल्या समाजाची रीत काही वाईट नाही. लेकरू पदवी घेऊन आलं की शाल, नारळ आणि बस स्टँडवर मोठा फ्लेक्स. आपल्या बापजाद्यांनी दुकानात पोती वाहिली, आता लेकरं शिकली, ते गावानं बघू दे. रवीचाही लागला. काळा झगा, चौकोनी टोपी, नावापुढं एम.टेक. केवढा देखणा दिसत होता. मी रिक्षा थांबवून पाहिला, रिक्षावाल्यालाही दाखवला. पण त्याच स्टँडवर कारखान्याची बस थांबते. खिडकीतून सगळ्यांनी पाहिला.

नरसिंह ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्यानं रवीला "सर" म्हटलं. बाकीच्यांनी त्याच्या डब्यात हात घालणं सोडलं. क्रेटला हात लावला की कुणीतरी येऊन काढून घ्यायचं. मग एकदा नरसिंहानं त्याला बाजूला घेतलं. म्हणाला, "ज्याला सर म्हणायचं, त्याला क्रेट उचल असं कोणत्या तोंडानं सांगू? तुम्ही इथं टिकायचे नाही. ही जागा एखाद्या गरजवंताला राहू द्या, सर."

रवी म्हणाला, "मी गरजवंतच आहे, अण्णा."

 पण काम गेलं ते गेलंच. आता सांगा, रागवायचं तरी कुणावर? त्यानंही मानच दिला, तुम्हीही मानच दिलात.

त्यानंतर तो ताटावर बसून भात बोटांनी इकडचा तिकडं करायचा. हात पुन्हा मऊ झाले. मी एकदा हातात घेतला, तर हळूच सोडवून घेतला.

आता तुमकूरच्या पुढं एका गोदामात काम मिळालंय. पोती चढवायची, उतरवायची. पाहुण्यांनी मोठी नोकरी म्हटली ती हीच. उद्या सकाळी गोदामाची गाडी त्याला न्यायला येणार आहे, या हॉलसमोरच्या स्टँडवर. आणि येताना मी वर पाहिलं, तर तिथं पुन्हा आमचा रवी हसतोय. तोच झगा, तीच टोपी. खाली लिहिलंय, इंजिनिअर रविकुमार यांना शुभेच्छा.

श्रीधरअण्णा, आमचे हे अंथरुणाला खिळले तेव्हा तुम्ही आमच्या दारात किती वेळा उभे राहिलात, ते मी विसरले नाही. म्हणून हक्कानं मागते. शाल दिलीत, ती असू द्या, तिकडं थंडी आहे. नारळही असू दे. तेवढा फ्लेक्स आज उतरवा. माझ्या नातवाला उद्या त्या गाडीवाल्यानं "अरे" म्हणावं, बास.

अहो, तुम्ही स्वतः कशाला उठलात? पाहुणेही उठले का? बरं. रवी, अण्णांना चक्कर येते, शिडी तू धर.

मंडळी, तुम्ही आलात, या म्हातारीची बडबड बसून ऐकलीत, फार उपकार झाले. मानपान चुकला असेल, बोलण्यात कुणाला काही लागलं असेल, तर पोटात घाला. जेवून गेल्याशिवाय कुणी निघू नका.

आणि रवी, तो फ्लेक्स फाडू नकोस रे. गुंडाळून बरोबर ने. नव्या खोलीची फरशी गार असेल, खाली अंथरायला होईल. फोटोची बाजू जमिनीकडं कर.